काखेत कळसा

पायात काटा मोडला आणि जखम चिघळली की जांघेत एक दुखरी गाठ येते. हाताला विळा लागला की तशीच गाठ काखेत येते. आपल्या घरांतून तिला अवधाण म्हणतात. तिरोडा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत, चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायामाणसांना अवधाण काही नवीन नाही. घरातली म्हातारी माणसं सांगत, अवधाण चोळत बसू नका, जखम कुठे आहे ते बघा. जखम बरी झाली की ते आपोआप बसतं.

त्यांचं सांगणं शास्त्राला धरूनच होतं. अवधाण हा स्वतंत्र रोग नव्हे. दुसरीकडे काहीतरी बिघडलं आहे, याचा तो निरोप असतो. काखेतला असाच एक निरोप, बहुधा न दुखणारा, स्तनाच्या कर्करोगात फार मोलाचा असतो. रोग स्तनापुरताच आहे की तिथून निघाला आहे, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. हा निरोप वाचायचा कसा आणि त्यासाठी काखेतलं किती कापून काढायचं, यावर सर्जन मंडळींचा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. त्या वादाची गोष्ट आज सांगायची आहे.

वाद डॉक्टरांचा असला तरी त्याचा निकाल बाईच्या हातावर लागतो. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर काही बायांचा हात कायमचा सुजतो. जिचं पोट रोवणीवर, कापणीवर, तेंदूपत्त्यावर किंवा विड्या वळण्यावर आहे, तिचा हात सुजला म्हणजे रोजी बुडाली. म्हणून ही गोष्ट मुंबई-दिल्लीइतकीच तिरोड्याचीही आहे.

आधी शरीरातली व्यवस्था समजून घेऊ. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी पेशींच्या आजूबाजूला साठतं. ते गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांचं एक जाळं अंगभर पसरलेलं आहे. त्या पाण्याला लसिका म्हणतात, आणि त्या नळ्यांना लसिकावाहिन्या. वाटेत ठिकठिकाणी वालाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. धानाच्या बांध्या डोळ्यांपुढे आणा. तलावाचं पाणी आधी वरच्या बांधीत येतं, ती भरली की धुऱ्यातल्या वाटेने खालच्या बांधीत उतरतं. लसिकेचंही तसंच. ती एका ग्रंथीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाते. प्रत्येक ग्रंथी पाणी गाळते आणि त्यातले जंतू अडवते. जंतूंशी झुंज सुरू झाली की ती फुगते. तेच आपलं अवधाण.

स्तनातली बहुतेक लसिका काखेकडे जाते. काखेच्या चरबीत साधारण वीस-तीस ग्रंथी विखुरलेल्या असतात. स्तनातल्या कर्करोगाच्या पेशी लसिकेबरोबर निघाल्या, तर त्या बहुधा आधी इथेच सापडतात. यापुढे स्तनातली ती ‘गाठ’ आणि काखेतली ती ‘ग्रंथी’ असं म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही.

हे जाळं माणसाला उशिराच दिसलं. इटलीच्या गास्पारे अझेल्ली यांनी १६२२ मध्ये कुत्र्याच्या पोटात दुधासारखा रस वाहून नेणाऱ्या नळ्या पाहिल्या. १६५०च्या दशकात स्वीडनचे रुडबेक आणि डेन्मार्कचे बार्थोलिन यांनी उरलेलं जाळं दाखवून दिलं. पुढे अठराव्या शतकात फ्रान्सचे सर्जन ल द्रां यांनी मांडलं की स्तनाचा कर्करोग आधी एका जागी असतो आणि मग लसिकेच्या वाटेने काखेत जातो. म्हणजे वेळेवर कापला तर तो बरा होऊ शकतो. विचार आशेचा होता, पण भूल नव्हती आणि जंतूंची ओळखही नव्हती. मोठी शस्त्रक्रिया करणार कोण आणि सोसणार कोण? भुलीचं औषध १८४६ मध्ये आलं, त्यानंतर जंतुनाशकं आली आणि सर्जनच्या सुरीला वाट मोकळी झाली.

इथे विल्यम हाल्स्टेड हे नाव येतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे हे सर्जन अत्यंत काटेकोर हाताचे होते. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत अशी की पूर्ण स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी, हे सारं एकसंध काढायचं. त्यामागे एक समजूत होती. कर्करोग पायरी पायरीने जातो, काखेतल्या ग्रंथी म्हणजे वेशीवरचा बांध, आणि बांध फुटण्याआधी तो मुळासकट उपटला की रोग संपला. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर छातीवर त्याच जागी रोग परत उगवणं फार सर्रास होतं. हाल्स्टेड यांच्या रुग्णांत ते बरंच कमी झालं. जगाला आणखी पुरावा नको होता. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हणजे हाल्स्टेड यांची शस्त्रक्रिया, असंच समीकरण राहिलं.

त्याची किंमत बायांनी मोजली. छाती खोलगट होई, फासळ्या दिसत, खांदा आखडे. आणि हात सुजे. काखेतल्या ग्रंथी गेल्या की हातातल्या लसिकेची परतीची वाट तुटते. पाणी तुंबतं, हात जड होतो, कातडी जाड होते, आणि साधं खरचटलं तरी जंतू फैलावतात. खुद्द हाल्स्टेड यांनी १९२१ मध्ये या सुजेवर लेख लिहिला आणि तिला ‘शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग’ अशा अर्थाचं नाव दिलं.

पूर्व विदर्भातल्या माणसाला या नावाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा. डासांमार्फत शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात, वाट बिघडते आणि पाय खांबासारखा होतो. त्याच्या गोळ्या घरोघरी वाटल्या जातात. कृमीने पायाचं जे होतं, तेच सुरीने हाताचं होत होतं. कर्करोगातून जगलेली बाई ते निमूटपणे सोसत होती, कारण जीव वाचला यातच तिने समाधान मानायचं, अशी सगळ्यांची धारणा होती.

शंका घेणारे नव्हते असं नाही. १९२०च्या दशकात लंडनचे सर्जन जेफ्री केन्स यांनी लहान शस्त्रक्रिया आणि रेडियमच्या सुया यांचा प्रयोग केला. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे भाऊ. निकाल चांगले होते, पण बहुतेक सर्जननी ते मनावर घेतलं नाही.

दरम्यान आपल्याकडे, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या स्मृतीतून हे रुग्णालय उभं राहिलं. विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून माणसं ‘टाटाला’ जाऊ लागली. याच काळात फ्रान्सचे डॉ. पिएर दनुआ रोगाच्या अवस्थेची एक सोपी भाषा बसवत होते. टी म्हणजे मूळ गाठ केवढी, एन म्हणजे जवळच्या ग्रंथींपर्यंत रोग पोचला का, एम म्हणजे दूर हाडं, फुप्फुस, यकृत यांत गेला का. ही टीएनएम पद्धत आज जगभर चालते. डॉक्टर ‘दुसरी स्टेज’, ‘तिसरी स्टेज’ म्हणतात ते या तीन अक्षरांच्या जोरावर. स्तनाच्या कर्करोगात मधलं अक्षर, एन, बहुतांशी काखेत ठरतं.

पण काख नुसती चाचपून ते कळतं का? याचं उत्तर देताना एका माणसाने हाल्स्टेड यांचा सगळा डोलाराच हलवला. पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांचं म्हणणं असं की कर्करोगाच्या पेशी पायरी पायरीने जातच नाहीत. जायच्या असतील तर त्या रक्तातून सुरुवातीलाच जातात. काखेतली ग्रंथी हा बांध नव्हे, ती नुसती खूण आहे. मग बांध म्हणून ती उपटण्यात काय अर्थ?

मत मांडून ते थांबले नाहीत. १९७१ मध्ये त्यांनी १,६०० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हतं, त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाची हाल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यात फक्त स्तन काढून काखेला किरण दिले. तिसऱ्यात फक्त स्तन काढला, काख तशीच ठेवली आणि पुढे कधी ग्रंथी वाढली तरच ती काढली. पंचवीस वर्षांचा हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं.

त्या अभ्यासातले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हाल्स्टेड गटात, काखेत काही लागत नाही असं ठरवलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सापडला. म्हणजे नुसत्या चाचपण्यावर भिस्त ठेवता येत नाही. आणि ज्यांची काख तशीच ठेवली, त्यांच्यापैकी पुढे जेमतेम १८ टक्क्यांत ग्रंथी वाढली. म्हणजे तिथे पोचलेला प्रत्येक कण फोफावतोच असं नाही.

याच दशकात बायकाही बोलू लागल्या. तोवर प्रथा अशी होती की गाठ काढून लगेच तपासायची आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. जागं होईपर्यंत बाईला पत्ता नसे. अमेरिकेतल्या पत्रकार रोझ कुशनर यांना हा रोग झाला तेव्हा त्यांनी याविरुद्ध आवाज उठवला. आधी तपासणी, मग रुग्णाशी बोलणं, मग शस्त्रक्रिया, असा त्यांचा आग्रह होता. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या समितीत त्या होत्या, आणि समितीने तपासणी वेगळी करावी असंच सांगितलं. तुकडा घेऊन आधी तपासणं, ज्याला आपण बायोप्सी म्हणतो, तो रुग्णाचा विचार घेण्याचाही एक टप्पा ठरला.

मग काखेला हात लावायचाच नाही, असं ठरलं का? नाही. कारण १९७६ मध्ये मिलानचे डॉ. बोनादोना यांनी दाखवलं की काखेच्या ग्रंथींत रोग पोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी दिली तर रोग परतणं लक्षणीय घटतं. आता औषध द्यायचं की नाही, हे काखेवरून ठरू लागलं. ग्रंथी काढल्याने रोग बरा होत नसेल, पण ग्रंथी पाहिल्याशिवाय उपचार ठरत नाही, असा पेच उभा राहिला. नुसत्या माहितीसाठी दहा-पंधरा ग्रंथी काढायच्या. त्यातून निम्म्याहून अधिक बायांच्या सगळ्या ग्रंथी निर्दोष निघायच्या. त्या बायांनी हात गमावण्याचा धोका कशासाठी पत्करला? एका ‘नाही’ या उत्तरासाठी!

या पेचातून वाट काढली ती बांधीच्या न्यायाने. पाणी आधी वरच्या बांधीत येत असेल, तर पाणी आलं का हे पाहायला सगळं शेत कशाला तुडवायचं? पहिली बांधी पाहिली की पुरे. पॅराग्वेचे डॉ. रामोन काबानास यांनी १९७७ मध्ये पुरुषांच्या जननेंद्रियाच्या कर्करोगात अशी पहिली ग्रंथी असते, असं मांडलं. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसचे डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या कर्करोगात निळा रंग टोचून ती प्रत्यक्ष शोधून दाखवली. १९९३ मध्ये डेव्हिड क्रॅग यांनी स्तनाच्या कर्करोगात सौम्य किरणोत्सारी द्रव्य वापरलं, आणि १९९४ मध्ये आर्मांडो ज्युलियानो यांनी निळ्या रंगाने स्तनातून काखेकडची वाट शोधली. या ग्रंथीला इंग्रजीत सेंटिनेल नोड म्हणतात, म्हणजे पहारेकरी ग्रंथी.

करतात कसं? शस्त्रक्रियेआधी स्तनात थोडा निळा रंग किंवा टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य, किंवा दोन्ही टोचतात. लसिकेबरोबर ते काखेकडे निघतं. सर्जन काखेत छोटा छेद घेतो. निळी झालेली, किंवा यंत्राची नळी जवळ नेताच टिकटिक आवाज देणारी ग्रंथी हीच पहारेकरी. अशा एक-दोन-तीन ग्रंथी काढून तपासतात. त्यांत रोग नसेल तर पुढच्या ग्रंथींत तो असण्याची शक्यता थोडी, म्हणून बाकीची काख तशीच ठेवतात.

पण एवढ्यावर विश्वास ठेवायचा? पहारेकरी कधी कधी चुकतो. ज्यांच्या काखेत खरोखर रोग आहे अशा शंभर स्त्रियांत आठ-दहा वेळा पहिली ग्रंथी निर्दोष निघते. त्या चुकीने जीव जातो का, हे पाहणं भाग होतं. मिलानचे उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी ५१६ स्त्रियांचा अभ्यास केला आणि २००३ मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला. फिशर यांनी उभ्या केलेल्या गटानेच अमेरिका आणि कॅनडातल्या ५,६११ स्त्रियांचा अभ्यास केला, त्याचा निकाल २०१० मध्ये आला. पहिली ग्रंथी निर्दोष असताना बाकी काख ठेवली तरी जगण्यात फरक पडला नाही, आणि काखेत रोग परतण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहिलं. हाताचा फायदा मात्र उघड होता. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर काख पूर्ण साफ केल्यावर दर पाच बायांत सुमारे एकीचा हात सुजतो. फक्त पहारेकरी ग्रंथी काढली तर सुमारे वीसांत एकीचा.

आता आपल्याकडची अडचण पाहा. टेक्नेशियमची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. ते हाताळायला न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग हवा, परवाने हवेत, आवाज देणारं यंत्र हवं. परदेशात वापरले जाणारे खास निळे रंग महाग. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने काय करायचं? ‘सोय नाही’ म्हणून प्रत्येक बाईची सगळी काख साफ करायची?

या प्रश्नाला मुंबईने दिलेलं उत्तर आपल्या अभिमानाचं आहे. टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पद्धत पारखून पाहिली. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूकडे स्पर्शाची एक नस जाते. प्रत्येक माणसाच्या काखेत ती सापडते, सर्जनला दिसते. त्या नसेच्या खालच्या भागातली चरबी आणि तिच्यातल्या ग्रंथी तेवढ्या काढायच्या, वरच्या भागाला हात लावायचा नाही. रंग नाही, किरण नाही, यंत्र नाही. साडेचारशेहून अधिक स्त्रियांमध्ये त्यांनी पहारेकरी ग्रंथीची तपासणी आणि ही खालच्या काखेची तपासणी, दोन्ही एकाच वेळी करून ताडून पाहिल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साधी पद्धत यंत्राच्या पद्धतीहून कमी ठरली नाही.

याआधी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या सर्जननी काखेतल्या चार ग्रंथी निवडून तपासण्याचा मार्ग चोखाळला होता. मुंबईच्या पद्धतीत सर्जनला शरीरातलीच एक पक्की खूण मिळाली. दिल्लीच्या एम्सनेही असाच विचार केला. डोळ्यांच्या तपासणीत वापरलं जाणारं फ्लुओरेसीन हे स्वस्त द्रव्य आणि प्रयोगशाळांत नेहमी असणारा मेथिलीन ब्लू हा रंग टोचायचा, निळ्या प्रकाशात ग्रंथी चमकते, ती काढायची. दोन्ही ठिकाणी हेतू एकच की गरीब बाईचा हात केवळ यंत्र नाही म्हणून जाऊ नये.

गोष्ट इथेही थांबली नाही. २०११ मध्ये ज्युलियानो यांनी दाखवलं की गाठ लहान असेल, स्तन वाचवून किरण दिले जाणार असतील, आणि पहारेकरी ग्रंथींपैकी एखाद-दोनमध्येच रोग सापडला असेल, तर तेव्हाही बाकी काख साफ करण्याची गरज नसते. २०२३ मध्ये इटलीतून आलेला अभ्यास आणखी पुढे गेला. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि काखेची सोनोग्राफी निर्दोष असेल, तर निवडक रुग्णांत पहारेकरी ग्रंथीसुद्धा काढावी लागत नाही. सगळ्या ग्रंथी, मग काही, मग एक, आणि आता कुणाकुणाची एकही नाही, असा हा सव्वाशे वर्षांचा उतरता आलेख आहे. वैद्यकात पुढे जाणं म्हणजे नेहमी मोठं काहीतरी करणं नसतं, हे सर्जन मंडळी इथे शिकली.

पण या सगळ्या सवलतींना एक अट आहे. गाठ लहान असली पाहिजे आणि काख अजून शांत असली पाहिजे. म्हणजेच बाई वेळेवर आली पाहिजे. जिची गाठ मोठी झाली आहे, काखेत ग्रंथींचा घोस हाताला लागतो आहे, तिच्या बाबतीत डॉक्टर आधी सुईने ग्रंथी तपासतात, बहुधा आधी केमोथेरपी देतात, आणि पुष्कळदा काख साफ करावीच लागते. उशिरा येणारी बाई जिवाबरोबर हाताचीही जोखीम वाढवून येते.

उशीर का होतो, हे आपण जाणतो. गाठ दुखत नाही, म्हणून ती दुखणं वाटत नाही. रोवणी आटपू दे, मग धान निघू दे, मग पोरीचं लग्न होऊ दे. दाखवायचं तर कुणाला, आणि तेही अंगावरचं. त्यात एक भीती असते की गाठीला सुई किंवा लोखंड लागलं की ती भडकते. ही समजूत खरी नाही. सुईच्या तपासणीमुळे रोग बळावून बाई दगावते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तपासणीनंतर रोग ‘पसरलेला’ दिसतो, तो बहुतेक वेळा आधीच पसरलेला असतो. तो दिसतो फक्त तेव्हा.

मुंबईतच झालेला एक अभ्यास इथे सांगितला पाहिजे. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन तो सुरू केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासून दिला. यंत्र नव्हतं, मॅमोग्राफी नव्हती, नुसता शिकवलेला हात. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. तपासणीच्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सरकारी कार्यक्रमात आता तीस वर्षांपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी आहे. ती उपकेंद्रातली बाई आपल्या दारी येते तेव्हा तिला परत पाठवू नका.

तिरोड्याचं स्टेशन मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. एका बाजूला गोंदिया, तिथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसऱ्या बाजूला शंभरेक किलोमीटरवर नागपूर, तिथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, मेडिकल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. वाट लांबची नाही. निघायला होणारा उशीर लांबचा आहे.

निघाल्यावर, शस्त्रक्रिया ठरली की डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागतील का, की थोड्या तपासून चालेल? आणि नंतर हाताची काळजी कशी घ्यायची? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. रोझ कुशनर यांच्यासारख्या बायांनी भांडून मिळवलेला तो अधिकार आहे. काख साफ करावीच लागली तरी खचून जाऊ नका. सांगितलेला व्यायाम करायचा, त्या हाताला कापू-चिरू द्यायचं नाही, चिखलात हात घालताना हातमोजे वापरायचे, आणि हात लाल होऊन तापला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सूज लवकर धरली तर आटोक्यात राहते.

‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ ही म्हण आपण विसरभोळ्या माणसाला ऐकवतो. सर्जन मंडळींनी सत्तर-ऐंशी वर्षं वळसा घातला; कळसा एका लहानशा ग्रंथीत होता. आपला वळसा तेवढा लांब असायचं कारण नाही. म्हातारी माणसं अवधाण दिसलं की जखम शोधायला सांगत. तेच इथे करायचं. स्तनात न दुखणारी गाठ लागली, बोंडी आत ओढली गेली, तिच्यातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर काखही दाखवून घ्या. आणि काखेत न दुखणारी, न बसणारी गाठ लागली, तर स्तन दाखवून घ्या. रोवणी आठवडाभर थांबू शकते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)